ग्रेडियंट पार्श्वभूमी

ग्रेडियंट पार्श्वभूमी म्हणजे वेबपानाच्या किंवा त्यातील एखाद्या चौकटीच्या मागे योजलेली अशी रंगरचना, जिच्यात एक रंग स्पष्ट सीमारेषा न दिसता क्रमाक्रमाने दुसऱ्या रंगात मिसळत जातो. अशा मिसळणीला मराठीत रंगसंक्रमण असेही म्हणता येते. आजच्या वेबपानांवर ही पार्श्वभूमी बहुधा सीएसएस या शैलीभाषेतील सूचनांनी तयार केली जाते. ब्राउझर आरंभीचा रंग, अखेरचा रंग आणि दिशा एवढ्या माहितीवरून मधल्या प्रत्येक पिक्सेलचा रंग स्वतः मोजून काढतो. त्यामुळे चित्राची वेगळी फाइल उतरवून घ्यावी लागत नाही आणि स्क्रीन लहान असो वा मोठा, पार्श्वभूमी त्याच्या मापाला जुळवून घेते.

ग्रेडियंट पार्श्वभूमीचे मूल्यमापन दोन कसोट्यांवर होते. पहिली, संक्रमण डोळ्यांना सलग दिसते का; आणि दुसरी, त्यावरील मजकूर पार्श्वभूमीच्या प्रत्येक ठिकाणी वाचता येतो का. दुसरी कसोटी सार्वजनिक सेवेच्या संकेतस्थळांसाठी विशेष महत्त्वाची असून भारतात तिचा संबंध अपंग व्यक्तींच्या हक्कांशी जोडलेला आहे.

## इतिहास

सीएसएसची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात पार्श्वभूमीला एकच सपाट रंग किंवा चित्र देण्याची सोय होती, रंगसंक्रमणाची नव्हती. म्हणून रचनाकार चित्र-संपादन प्रणालीत एक पिक्सेल रुंदीची उभी पट्टी तयार करीत आणि ती पानावर आडवी पुन्हा पुन्हा उमटवीत. या पद्धतीत पट्टीची उंची कायमची ठरलेली असे. पान त्याहून लांब झाले की संक्रमण मध्येच संपे. जीआयएफ प्रकारच्या चित्रात जास्तीत जास्त २५६ रंगांची मर्यादा असल्याने मोठ्या संक्रमणात पट्टेही दिसत. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये संक्रमणासाठी स्वतंत्र ‘फिल्टर’ उपलब्ध होता, परंतु तो इतर ब्राउझरांना समजत नसे.

ॲपलच्या सफारी ब्राउझरचा पाया असलेल्या वेबकिट प्रणालीने २००८ मध्ये सीएसएसमधूनच रंगसंक्रमण काढण्याची सोय प्रथम दिली. जानेवारी २०१० मध्ये आलेल्या फायरफॉक्स ३.६ ने निराळी आणि अधिक सुटसुटीत लेखनपद्धती स्वीकारली. पुढे वेबकिटनेही तिच्याशी जुळणारी पद्धत घेतली. या काळात एकाच पार्श्वभूमीसाठी प्रत्येक ब्राउझरचा उपसर्ग लावून चार-पाच ओळी लिहाव्या लागत. डब्ल्यूथ्रीसी या प्रमाणक संस्थेने एप्रिल २०१२ मध्ये या विभागाचा मसुदा शिफारशीच्या उमेदवारीपर्यंत नेला. त्यानंतर इंटरनेट एक्सप्लोरर १०, फायरफॉक्स १६ आणि क्रोम २६ यांनी २०१२-१३ मध्ये उपसर्गाविना लेखन स्वीकारले. शांकव संक्रमणाची भर क्रोममध्ये २०१८ साली, सफारीत २०१९ साली आणि फायरफॉक्समध्ये २०२० साली पडली.

## प्रकार

रेषीय संक्रमण (लिनिअर-ग्रेडियंट) : यात रंग एका सरळ रेषेच्या दिशेने बदलतो. दिशा न सांगितल्यास ती वरून खाली धरली जाते. कोन अंशांत सांगितल्यास ० अंश म्हणजे खालून वर आणि ९० अंश म्हणजे डावीकडून उजवीकडे. हे माप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाढते.

वर्तुळाकार संक्रमण (रेडियल-ग्रेडियंट) : यात रंग एका केंद्रबिंदूपासून बाहेर पसरत जातो. आकार वर्तुळ किंवा लंबवर्तुळ असू शकतो.

शांकव संक्रमण (कॉनिक-ग्रेडियंट) : यात रंग केंद्राभोवती फिरत बदलतो. रंगचक्र किंवा वर्तुळालेख काढण्यासाठी याचा उपयोग होतो; संपूर्ण पानाच्या पार्श्वभूमीसाठी क्वचितच.

तिन्ही प्रकारांची पुनरावर्ती रूपेही आहेत. त्यांत ठरावीक अंतराने तोच रंगक्रम पुन्हा येतो.

## रचना

संक्रमणाचे मुख्य घटक दोन : संक्रमण-रेषा आणि रंगथांबे. संक्रमण-रेषा ही चौकटीच्या मध्यातून दिलेल्या कोनात जाणारी कल्पित रेषा होय. रुंदीला कोनाच्या साइनने व उंचीला त्याच कोनाच्या कोसाइनने गुणून, दोन्ही गुणाकारांची चिन्हे सोडून बेरीज केली की तिची लांबी मिळते. उदाहरणार्थ, ३६० पिक्सेल रुंद व ८०० पिक्सेल उंच अशा मोबाइलच्या स्क्रीनवर १३५ अंशांच्या तिरप्या संक्रमणाची रेषा सुमारे ८२० पिक्सेल भरते. या सूत्रामुळे आरंभीचा व अखेरचा रंग नेमके कोपऱ्यांत पोचतात आणि मध्ये रिकामी जागा राहत नाही.

रंगथांबा म्हणजे रेषेवरील असे ठिकाण, जेथे विशिष्ट रंग पूर्णपणे असावा असे सांगितलेले असते. थांब्यांची स्थाने टक्केवारीत किंवा लांबीच्या एककात देता येतात. दोन थांबे एकाच ठिकाणी ठेवले तर तेथे संक्रमण न होता ठळक रेषा उमटते. दोन थांब्यांमधील रंग दर वाहिनीसाठी स्वतंत्रपणे मोजला जातो : लाल, हिरव्या आणि निळ्या घटकाचे आकडे अंतराच्या प्रमाणात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकतात.

ग्रेडियंट ही सीएसएसच्या दृष्टीने ‘प्रतिमा’ असते, ‘रंग’ नव्हे. म्हणून तिच्यासोबत एक सपाट पार्श्वरंगही देण्याची पद्धत आहे. ग्रेडियंट कोणत्याही कारणाने उमटला नाही तर निदान तो रंग मजकुरामागे राहतो.

## सलगतेतील अडचणी व उपाय

### पट्टे दिसणे

बहुतेक स्क्रीन व चित्रप्रणाली प्रत्येक रंगवाहिनीसाठी ८ बिट, म्हणजे ० ते २५५ असे २५६ टप्पे वापरतात. पांढऱ्यापासून (२५५) अगदी फिकट करड्यापर्यंत (२४०) जाणाऱ्या संक्रमणात एकंदर १६ च छटा उपलब्ध असतात. १९२० पिक्सेल रुंदीत त्या वाटल्या तर प्रत्येक छटा १२० पिक्सेलची पट्टी होते. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या संक्रमणात मात्र तीच रुंदी २५६ छटांत विभागली जाऊन पट्टी जेमतेम साडेसात पिक्सेलची राहते. म्हणजे रंगांतील फरक जितका कमी आणि क्षेत्र जितके मोठे, तितके पट्टे दिसण्याची शक्यता अधिक.

मानवी दृष्टी या पट्ट्यांच्या कडा प्रत्यक्षाहून ठळक करून पाहते. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये या दृष्टिभ्रमाचे वर्णन केले. त्यावरून त्याला माख पट्टे म्हणतात.

पट्टे कमी करण्याचे उपाय पुढीलप्रमाणे आहेत :

- दोन टोकांच्या रंगांत पुरेसा फरक ठेवणे किंवा संक्रमणाचे क्षेत्र लहान करणे.
- तिन्ही वाहिन्या वेगवेगळ्या प्रमाणात बदलतील असे रंग निवडणे. त्यामुळे तिन्हींचे टप्पे एकाच ठिकाणी येत नाहीत आणि पट्टे बारीक होतात.
- पार्श्वभूमीवर अतिशय मंद दाणेदार पोताचा थर देणे. दाण्यांमुळे पट्टीची सरळ कड मोडते.

### करडा मध्यभाग

लाल, हिरवा, निळा या वाहिन्यांत सरळ सरासरी काढल्यास परस्परविरोधी रंगांच्या मध्ये निस्तेज करडा रंग येतो. शुद्ध निळा (०, ०, २५५) आणि शुद्ध पिवळा (२५५, २५५, ०) यांच्या बरोबर मध्यावर तिन्ही वाहिन्या सुमारे १२८ होतात, म्हणजेच करडा रंग मिळतो. मध्ये तिसरा रंगथांबा देऊन हा दोष टाळण्याची रीत जुनी आहे.

स्वीडिश प्रणालीकार ब्योर्न ओटोसन यांनी डिसेंबर २०२० मध्ये ओकेलॅब ही रंगमापन पद्धती मांडली. तिच्यात आकड्यांतील समान अंतर डोळ्यांनाही साधारण समान वाटते. तिच्या ओकेएलसीएच या रूपात रंगाचा प्रकाश, तीव्रता व वर्ण वेगळे मोजले जातात, त्यामुळे संक्रमण करड्यातून न जाता मधल्या वर्णांतून जाते. सीएसएसच्या रंगविषयक चौथ्या पातळीच्या प्रमाणकात या पद्धतींचा समावेश झाला असून प्रमुख ब्राउझरांनी त्या टप्प्याटप्प्याने स्वीकारल्या आहेत.

### पारदर्शकतेतील काळसर छटा

सीएसएसमधील ‘पारदर्शक’ हा रंग प्रत्यक्षात पारदर्शक काळा असतो. पांढऱ्यापासून पारदर्शकापर्यंतचे संक्रमण काही जुन्या ब्राउझरांत मध्यभागी काळसर दिसे. प्रमाणकानुसार आता रंगाला पारदर्शकतेने आधी गुणून मगच सरासरी काढली जाते. जुन्या उपकरणांसाठी पारदर्शक पांढरा हा रंग आकड्यांत लिहिणे सुरक्षित ठरते.

### पान आखूड किंवा लांब असणे

मुख्य भागाला दिलेली पार्श्वभूमी संपूर्ण पानावर पसरते, परंतु तिचे माप मूळ घटकाच्या उंचीवरून ठरते. मजकूर थोडा असेल तर संक्रमण मजकुराबरोबर संपते आणि खाली पुन्हा आरंभीच्या रंगापासून सुरू होते. जोडाच्या ठिकाणी ठळक आडवी रेघ दिसते. मूळ घटकाची किमान उंची स्क्रीनच्या उंचीइतकी ठेवणे हा यावरचा सर्वमान्य उपाय होय.

उलट मजकूर फार लांब असेल तर तेच संक्रमण हजारो पिक्सेलवर ताणले जाऊन पट्टे उमटतात. तेव्हा पार्श्वभूमी स्क्रीनला स्थिर जोडतात, म्हणजे मजकूर सरकतो आणि रंग जागेवर राहतो. ही स्थिर जोडणी काही मोबाइल ब्राउझरांत नीट चालत नाही व पान सरकवताना उपकरणावर भार टाकते. त्याऐवजी मजकुरामागे स्वतंत्र स्थिर थर ठेवण्याची पद्धत अधिक भरवशाची मानली जाते.

## वाचनीयता

डब्ल्यूथ्रीसीच्या वेब सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांत (डब्ल्यूसीएजी) मजकूर व पार्श्वभूमी यांच्या तेजस्वितेचे गुणोत्तर ठरवून दिले आहे. दुसऱ्या, म्हणजे ‘डबल ए’ पातळीसाठी साध्या मजकुराला किमान ४.५:१ आणि मोठ्या मजकुराला किमान ३:१ गुणोत्तर लागते. १८ पॉइंट किंवा १४ पॉइंट ठळक आणि त्याहून मोठा मजकूर ‘मोठा’ समजला जातो. पांढऱ्यावर काळ्याचे गुणोत्तर २१:१, म्हणजे सर्वोच्च असते.

सपाट पार्श्वभूमीवर हे गुणोत्तर एकदाच मोजून भागते. ग्रेडियंटवर ते प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. म्हणून मजकूर जेथे सर्वांत कमी उठून दिसतो त्या ठिकाणचे गुणोत्तर ग्राह्य धरावे लागते. सरासरी काढून चालत नाही, कारण वाचकाला प्रत्येक शब्द वाचायचा असतो.

## धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भातील उदाहरण

मराठवाड्यातील धाराशिव जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा व वाशी हे आठ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ असून बहुसंख्य वस्ती ग्रामीण आहे. २०१८ मध्ये केंद्र शासनाने आकांक्षित जिल्ह्यांत निवडलेल्या महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांपैकी हा एक होय. देशातील अनेक जिल्ह्यांप्रमाणे या जिल्ह्याचे शासकीय संकेतस्थळही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) एसथ्रीवास या सामायिक मंचावर उभारलेले आहे. भरती, निविदा, भूसंपादन यांसारख्या सूचना अशा संकेतस्थळांवरून प्रसिद्ध होतात. अंतिम मुदत किंवा गट क्रमांक चुकीचा वाचला गेल्यास नागरिकाचे प्रत्यक्ष नुकसान होऊ शकते. त्यामुळे येथे रंगसंगतीचा प्रश्न केवळ सौंदर्याचा राहत नाही.

### हळद-कुंकवाची रंगसंगती

तुळजापूर येथील तुळजाभवानी मंदिरामुळे हळदीचा पिवळा आणि कुंकवाचा लाल ही रंगजोडी या भागाच्या ओळखीशी निगडित आहे. मंदिरे, उत्सव किंवा स्थानिक संस्था यांच्या पानांसाठी ती सहज सुचणारी आहे. हळदीसाठी (२५५, १९३, ७) आणि कुंकवासाठी (१८३, २८, २८) हे आकडे घेतल्यास डब्ल्यूसीएजीच्या सूत्राने पुढील गुणोत्तरे मिळतात :

| संक्रमणातील ठिकाण | पांढरी अक्षरे | काळी अक्षरे |
|---|---|---|
| हळदीचे टोक | १.६:१ | १२.९:१ |
| मध्य | ३.४:१ | ६.३:१ |
| कुंकवाचे टोक | ६.६:१ | ३.२:१ |

पांढरी अक्षरे हळदीच्या टोकाला पुसट होतात, तर काळी अक्षरे कुंकवाच्या टोकाला ४.५:१ च्या खाली जातात. म्हणजे संपूर्ण रुंदीभर चालेल असा पांढरा वा काळा यांपैकी एकही अक्षररंग या जोडीत उरत नाही. मोबाइलवर ओळी वेगळ्या ठिकाणी तुटत असल्याने संगणकावर लाल भागात बसलेले शीर्षक मोबाइलवर पिवळ्या भागात जाऊ शकते, ही आणखी एक अडचण होय.

यावर तीन उपाय संभवतात. कुंकवापासून त्याहून गडद मरून रंगापर्यंतच संक्रमण ठेवल्यास पांढऱ्या अक्षरांचे गुणोत्तर कोठेही ६.५:१ च्या खाली जात नाही. हळदीचा रंग मग किनारीसाठी वापरता येतो. दुसरा उपाय म्हणजे संक्रमण केवळ शीर्षपट्टीपुरते ठेवून मजकुरामागे सपाट पांढरी चौकट देणे. तिसऱ्या उपायात ग्रेडियंट व अक्षरे यांच्या मध्ये अर्धपारदर्शक गडद थर घालतात. मात्र थर घातल्यावर हळदीच्या टोकाचे गुणोत्तर पुन्हा मोजावे लागते.

### उन्हातील वाचन

स्क्रीनवर पडणारा बाहेरचा प्रकाश अक्षरे व पार्श्वभूमी या दोन्हींवर सारखाच परावर्तित होतो आणि त्यांतील फरक कमी करतो. स्क्रीनच्या पांढऱ्या भागाचे तेज ४०० एकक आणि गडद भागाचे ४० एकक असेल, तर प्रमाण १०:१ होते. दोन्हींत परावर्तित प्रकाशाचे १०० एकक मिळवले की ते ५००:१४०, म्हणजे साधारण ३.६:१ उरते. घरात जेमतेम पुरणारे गुणोत्तर शेतात, बाजारात किंवा बसस्थानकावर अपुरे पडते ते यामुळेच.

### नामांतर आणि शीर्षपट्टी

२०२३ मध्ये उस्मानाबादचे नाव धाराशिव असे झाले. अशा नामांतराच्या वेळी ग्रेडियंट व अक्षरे एकाच चित्रात मिसळलेली असतील तर संपूर्ण शीर्षपट्टी नव्याने काढावी लागते. पार्श्वभूमी सीएसएसने आणि नाव युनिकोड मजकुराने दिलेले असल्यास केवळ शब्द बदलून काम होते. असा मजकूर शोधयंत्रांना सापडतो, दृष्टिबाधितांच्या वाचक-प्रणालीला उच्चारता येतो आणि मोठा केल्यावर फाटल्यासारखा दिसत नाही.

## देवनागरी मजकुराचे वेगळेपण

देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार व रफार, तर खाली उकार आणि ऋकार येतात. या सर्वांना जागा देण्यासाठी बहुतेक टंकांत अक्षराचा मुख्य भाग त्याच मापाच्या रोमन अक्षराच्या तुलनेत लहान ठेवलेला असतो. त्यामुळे पार्श्वभूमी फिकट झाली की प्रथम ही लहान चिन्हे हरवतात. अनुस्वार न दिसल्यास ‘मागण्यां’चे ‘मागण्या’ होते, रफार न दिसल्यास ‘वर्ग’ हा ‘वग’ वाटतो. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील भेदही वेलांटीच्या वळणावरच अवलंबून असतो.

म्हणून ग्रेडियंटवरील मराठी मजकुरासाठी अतिबारीक वजनाचे टंक टाळणे, ओळींतील अंतर वाढवणे आणि गुणोत्तर किमान मर्यादेपेक्षा बरेच वर ठेवणे इष्ट असते. मुंबईच्या एक टाइप या समूहाचा ‘मुक्ता’ किंवा गूगलचा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ यांसारखे मुक्त टंक अनेक वजनांत उपलब्ध असल्याने योग्य जाडी निवडता येते. अक्षरांच्या आतच ग्रेडियंट भरण्याची पद्धतही रूढ आहे. तिच्यात शिरोरेषा एका टोकाला गडद आणि दुसऱ्या टोकाला पुसट होऊ शकते. ती मोठ्या शीर्षकापुरतीच ठेवणे योग्य.

## भारतातील निकष व कायदा

भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे (जीआयजीडब्ल्यू) प्रथम २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्या सुधारित आवृत्त्या २०१८ आणि २०२३ मध्ये आल्या. तिसरी आवृत्ती डब्ल्यूसीएजी २.१ च्या ‘डबल ए’ पातळीवर आधारलेली असून वर उल्लेखिलेले ४.५:१ चे गुणोत्तर तिच्यातही अभिप्रेत आहे.

अपंग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये माहिती व संपर्क साधने सुगम्य असण्याची तरतूद आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी विरुद्ध भारत संघ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या अधिनियमाखालील २०१७ च्या नियमांपैकी नियम १५(१) मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवला. केवळ शिफारसवजा मार्गदर्शक तत्त्वे पुरेशी नसून सक्तीचे निकष ठरवले पाहिजेत, असा या निर्णयाचा आशय आहे.

## गती आणि हालचाल

सीएसएस ग्रेडियंट एका ओळीच्या मजकुरात मावतो, त्यामुळे मंद जोडणीवर तो चित्रापेक्षा लवकर उमटतो. रंग सतत सरकणारी हलती पार्श्वभूमी मात्र उपकरणाला वारंवार चित्र काढायला लावते. ग्रेडियंट थेट हलवता येत नसल्याने तो स्क्रीनहून मोठा काढून त्याची जागा हळूहळू सरकवतात. हालचालीने काहींना चक्कर किंवा मळमळ होते. अशा वापरकर्त्याने आपल्या उपकरणात ‘कमी हालचाल’ हा पर्याय निवडला असेल, तर ती ओळखून पार्श्वभूमी स्थिर ठेवण्याची सोय सीएसएसमध्ये आहे.

## हेही पहा

- सीएसएस
- एचटीएमएल
- देवनागरी
- युनिकोड
- राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र
- धाराशिव जिल्हा